शिडाच्या बोटीवर लिथियम बँक: एक मोठी की दोन लहान?

मतलई
८ मार्च, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी. इथे दोन वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. लांबला तर सांभाळून घ्या.

बोट चौतीस फुटी, फायबरची, एका डोलकाठीची. जयगडच्या खाडीत नांगरून असते. मी आणि धाकटा भाऊ, दोघंच चालवतो. आजवरची मजल मुंबई ते गोवा. पावसाळा सरला की नोव्हेंबरात कोचीपर्यंत जायचं आणि बोटीने साथ दिली तर त्याच्या पुढल्या वर्षी अंदमान, असं मनात आहे. त्यासाठीच गेल्या दिवाळीत शिशाच्या जुन्या बॅटऱ्या काढून २८० एएचची (अँपिअर-तासांची) तयार लिथियम बॅटरी बसवली. देणाऱ्याने सांगितलं, जुन्या काढा, ही त्याच तारांना जोडा, काम झालं. आम्ही तसंच केलं.

फेब्रुवारीत गोव्याहून परतताना देवगड मागे पडलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. वायव्येचा वारा पडला होता, मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा, अजून सुटायची होती. शिडं उतरवून इंजिनावर निघालो. भाऊ खाली झोपलेला, सुकाणू ऑटोपायलटकडे. पावणेतीनच्या सुमाराला समोरचा चार्टप्लॉटर (नकाशाचा पडदा) एकदम झगझगीत झाला आणि काळा पडला. त्याच क्षणी ऑटोपायलटची घरघर थांबली, चाक सैल पडलं, नाळेवरचे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचे, हिरवे-तांबडे दिवे गेले. इंजिन मात्र चालूच. पायऱ्यांवरून जळक्या वार्निशाचा वास वर आला तेव्हा कळलं की इंजिनावर वीज बनवणारा अल्टरनेटरही गेला.

आसपास चार ट्रॉलर होते. दोन तर अर्ध्या मैलाच्या आत. पाण्यात जाळ्यांचे लुकलुकते दिवे. आम्हाला सगळे दिसत होते, आम्ही कुणालाच दिसत नव्हतो. भावाने मोठं शीड परत चढवलं आणि त्यावर विजेरीचा झोत धरून डोलकाठीला पाठ लावून उभा राहिला. मी हाताने सुकाणू धरलं आणि हातातल्या व्हीएचएफ रेडिओवरून चॅनेल १६ या संकटाच्या वाहिनीवर आपली जागा सांगत राहिलो. उजाडेपर्यंत बाहेरच थांबलो, मग विजयदुर्गला आत शिरून नांगर टाकला.

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर बीएमएसची (सेलवर लक्ष ठेवणाऱ्या बॅटरीतल्या सर्किटची) नोंद उघडली. तीन सेल ३.४४, ३.४५, ३.४६ व्होल्टला आणि चौथा एकटा ३.६६. बीएमएसने चार्जिंग तोडलं ते या चौथ्यामुळे, इतपत मला समजलं. पण त्यापायी बोटीवरचं एकूण एक यंत्र का मरावं, ते उमगलं नाही.

आता सगळं नव्याने करायचं आहे. चोवीस तास चालत्या बोटीचा आमचा खर्च असा: ऑटोपायलट सरासरी ४ अँपिअर, म्हणजे ९६ एएच. फ्रिज ४५. प्लॉटर आणि बाकी यंत्रं ४८. एआयएस (जहाजांना एकमेकांची जागा कळवणारं यंत्र) आणि व्हीएचएफ मिळून २४. दिवे, पंखा, मोबाईल धरून ३२. एकूण साधारण २४५ एएच. मागच्या कमानीवर २००-२०० वॉटची दोन पॅनेलं आहेत, ती दिवसाला सव्वाशे एएच देतात. शिवाय अधूनमधून इंडक्शन शेगडी चालवायला २००० वॉटचा इन्व्हर्टर घ्यायचा आहे. ५६० एएचची बँक (एकत्र जोडलेल्या सेलचा संच) करावी असं गणित निघतं: ८० टक्के वापरली तर ४४८, आणि रोजची तूट १२० धरली तर इंजिनाला हात न लावता जवळजवळ पावणेचार दिवस.

प्रश्न एवढाच की ५६० एएच एकत्र बांधू की २८०-२८० च्या दोन वेगळ्या बँका करू? जाणकारांनी हातचं न राखता सांगावं.

वायव्य
८ मार्च, रात्री १०.०२

वाचताना अंगावर काटा आला. दोघं सुखरूप आहात हे महत्त्वाचं. देवगडसमोर रात्री बिनदिव्याने असणं काय असतं ते मला ठाऊक आहे.

तुमची पॅनेलं दिवसाला सव्वाशे देतात याचं आधी नवल वाटलं, मग उमजलं. दक्षिणेला जाताना सकाळी मतलई पूर्वेकडून, ऊनही पूर्वेकडून. दुपारी वारा वायव्येचा, ऊनही पश्चिमेकडे कललेलं. म्हणजे दोन्ही वेळा शीड सावलीच्या बाजूला आणि पॅनेलं उन्हात. आपल्या किनाऱ्याने दिलेली ही मोठी देणगी आहे. पण कोचीच्या पुढे वाऱ्याचं हे वेळापत्रक राहणार नाही, तेव्हा तिकडे १२५ चे ९० धरा.

तांबेतार
८ मार्च, रात्री ११.४०

मतलईभाऊ, मी मूळचा वेंगुर्ल्याचा, गोव्यात बोटींच्या वायरिंगचं काम करतो. तुमच्यासारख्या केसेस गेल्या काही वर्षांत बऱ्याच हाताखालून गेल्या, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या बीएमएसने चूक केली नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल ३.६५ व्होल्टच्या वर न्यायचा नसतो. चौथा सेल तिथे पोचला, बीएमएसने चार्जिंगचा दरवाजा लावला. नेमून दिलेलं काम केलं. पण त्या क्षणी अल्टरनेटर तीस-चाळीस अँपिअर ढकलत होता. मोटारपंप चालू असताना कॉक खाडकन बंद केला की पाइप कसा धडधडतो? तसंच. अल्टरनेटरच्या वेटोळ्यात साठलेली ऊर्जा एका क्षणात नाहीशी होत नाही. ती व्होल्टेजची उसळी घेऊन निघते, बारा व्होल्टच्या वायरिंगवर क्षणभर कित्येक डझन व्होल्ट चढतात. अल्टरनेटरचे डायोड आधी फुटतात. प्लॉटर, ऑटोपायलटचा मेंदू, एलईडी दिव्यांतले ड्रायव्हर, जे जे त्या वेळी चालू होतं ते सगळं मार खातं. प्लॉटर झगझगला तो हाच क्षण.

शिशाची बॅटरी अशा वेळी स्पंजासारखी असते, उसळी पिऊन टाकते. ती काढून तुम्ही स्पंजच काढला.

वार्निशाच्या वासाबद्दल. वार्निश जळतं म्हणजे वेटोळी आधीपासूनच भाजत होती. शिशाची बॅटरी भरत आली की स्वतःच कमी घेऊ लागते. लिथियम जवळजवळ शेवटपर्यंत मिळेल तेवढं ओढते. ८० अँपिअरचा अल्टरनेटर तासन् तास ८० देण्यासाठी बनवलेलाच नसतो. त्यात इंजिन हळू फिरत असेल तर त्याचा पंखाही हळू, वारा कमी, भाजणं जास्त. व्हिक्ट्रॉन कंपनीने टेबलावर अल्टरनेटर ठेवून हा प्रयोग केला आहे आणि त्याचा व्हिडिओ आहे. कमी फेऱ्यांवर लिथियमला जोडलेला अल्टरनेटर धुरावतो ते डोळ्यांनी बघा, मग विसरणार नाही.

यावर उपाय: अल्टरनेटर लिथियमला थेट जोडायचाच नाही. तो फक्त इंजिन स्टार्ट करणाऱ्या शिशाच्या बॅटरीला. तिथून डीसी-टू-डीसी चार्जर (एका बॅटरीवरून दुसरी भरणारा), ३० अँपिअरचा, आणि त्यातून लिथियम. लिथियमने कधीही दार लावलं तरी अल्टरनेटरला कळणारही नाही, त्याच्या समोर शिशाची बॅटरी कायम आहे. ३० म्हणजे ८० च्या निम्म्याहूनही कमी, तो निवांत चालेल. तुमची १२० ची तूट चार तासांच्या इंजिनात भरते. चार्जर उभा बसवा, भोवती हात फिरेल एवढी मोकळी जागा ठेवा. तो चांगलाच तापतो.

एक की दोन, त्यावर उद्या लिहितो.

पापलेट
९ मार्च, सकाळी ६.३०

मतलईभाऊ, माका लिथियमातला फारसा कळणा नाय, पण ट्रॉलराची इंजिना चाळीस वर्सा बघतंय. ह्यो बॅटऱ्यो इंजिनाच्या खोलीत ठेवू नकात. मे म्हयन्यात थंय पत्र्यार हात ठेवूक जमणा नाय. आणि दिवे वेगळ्या बॅटरीर ठेवा, जुनी शिशाची चलात. काळोखात तुमची होडी आमका दिसली नाय तर तुमचो जीव आणि आमचा जाळा, दोनय जातले.

तांबेतार
९ मार्च, सकाळी ७.१०

पापलेटकाका, लाखातलं बोललात. ४५ अंशांच्या वर या सेलना चार्ज करायचं नसतं, आणि त्याच्या आत असलं तरी उष्णतेने आयुष्य घटतं. थंडीत गोठणबिंदूखाली चार्ज करू नये हा इशारा परदेशी पुस्तकांत ठळक असतो, आपल्याला त्याचं काम नाही. आपला शत्रू ऊन आणि खार. मतलईभाऊ, केबिनमधल्या बाकाखाली, बोटीच्या मध्यरेषेजवळ, पाण्याच्या पातळीखाली जागा असेल तर ती उत्तम. तिथे फायबरच्या पलीकडे अठ्ठावीस-तीस अंशांचा समुद्र असतो. बिल्जच्या, म्हणजे पाणी साचतं त्या खोलगट भागाच्या, तळाशी मात्र नको.

उत्तरा
९ मार्च, दुपारी १.२५

माझं मत जरा वेगळं आहे, आणि मी ते पाच वर्षांच्या अनुभवावरून मांडते. आमच्या बोटीवर एकच बँक आहे. आठ सेल, दोन-दोन समांतर जोडून चार जोड्या, एक बीएमएस. तो आतल्या ट्रान्झिस्टरवर तोडणारा नाही. बाहेर मोठा रिले (विजेने उघडणारा स्विच) आहे आणि चार्जिंगचा व वापराचा मार्ग वेगळा केला आहे. सेल वर चढू लागला की बीएमएस आधी भोंगा वाजवतो, मग अल्टरनेटरच्या बाहेरच्या रेग्युलेटरला सांगतो की फिल्ड बंद कर, म्हणजे वीज बनवणं थांबव, आणि त्यानंतरच रिले उघडतो. त्यामुळे उसळी येतच नाही. चार्जिंग बंद झालं तरी दिवे आणि ऑटोपायलट चालूच राहतात, कारण त्यांचा मार्ग वेगळा.

बोटींची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एबीवायसी संस्थेने २०२२ साली लिथियमसाठी ई-१३ हे मानक काढलं, त्यातही तोडण्याआधी इशारा मिळावा असं म्हटलं आहे. तयार मिळणाऱ्या कित्येक बॅटऱ्यांत हा इशाराच नसतो. माझ्या मते मतलई यांच्या अपघाताचं मूळ तिथे आहे. बँक एक होती म्हणून तो झाला असं मला वाटत नाही.

दोन बँका म्हणजे दोन बीएमएस, दोन फ्यूज, केबलच्या टोकांचे दुप्पट लग, दुप्पट बोल्ट. खाऱ्या हवेत प्रत्येक जोड हा उद्याचा बिघाड असतो.

मतलई
९ मार्च, रात्री ८.५०

उत्तराताई, तुमची मांडणी वाचून झोपच उडाली. वेगळा मार्ग ही गोष्ट मला कुणी सांगितलीच नव्हती. पण एक विचारतो. तो एक बीएमएसच बिघडला तर? समजा पाणी गेलं, बोर्डावर खार बसला. कोचीच्या वाटेवर रात्री दोनला मी काय करू?

उत्तरा
९ मार्च, रात्री ९.३०

जास्तीचा बीएमएस बरोबर ठेवतो. बदलायला मला चाळीस मिनिटं लागतात, घड्याळ लावून पाहिलं आहे. पण तुमचा प्रश्न रास्त आहे. ती चाळीस मिनिटं आम्ही दिवे आणि व्हीएचएफ शिशाच्या बॅटरीवर घेतो, पापलेटकाका म्हणाले तसंच.

तांबेतार
९ मार्च, रात्री ११.१५

उत्तराताईंची मांडणी मला मनापासून पटते. ज्यांना स्वतः पाना धरता येतो आणि अल्टरनेटर मोठा आहे त्यांनी तशीच करावी. तरीही मतलईभाऊंना मी दोन बँका सांगेन. बोटीवर माणसं दोन, एक झोपलेला, एक पहाऱ्यावर. अशा वेळी उपाय करायला चाळीस मिनिटं लागता कामा नयेत. एक बँक गेली तर दुसरी आपोआप चालू असली पाहिजे आणि पहाऱ्यावरच्याने सुकाणू सोडायला लागू नये.

शिवाय समांतर जोडलेल्या जोडीतला एक सेल बिघडला तर तो शेजाऱ्यालाही ओढतो आणि बीएमएसला दोघं मिळून एकच दिसतात. वेगळ्या बँकांत बिघाड कुठे आहे ते नेमकं सापडतं.

पण दोन बँका नीट केल्या तरच. बहुतेकांचं चुकतं ते असं.

पहिलं, बीएमएसची ताकद. २००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला साधारण पावणेदोनशे अँपिअर ओढतो. लोक म्हणतात, दोन बँका आहेत, प्रत्येकी शंभरचा बीएमएस पुरे. एक बँक कुठल्याही कारणाने सुटली की सगळा भार दुसरीवर, तीही लगेच सुटणार, आणि तुम्ही पुन्हा देवगडसमोर काळोखात. प्रत्येक बीएमएस एकट्याने सगळा भार पेलणारा हवा. २०० चा घ्या. २८० च्या सेलना तेवढा भार जड नाही.

दुसरं, फ्यूज. या सेलचा आतला रोध इतका कमी आहे की शॉर्ट झाला तर हजारो अँपिअर वाहतात, दोन बँका मिळून दहा हजारांच्या पलीकडेही. साधा एएनएल फ्यूज ६,००० पर्यंत तोडण्यासाठी असतो. त्यापुढे तो वितळला तरी आत ठिणगी तगते आणि करंट चालू राहतो. क्लास-टी फ्यूज २०,००० अँपिअर तोडतो. प्रत्येक बँकेला स्वतंत्र, २२५ अँपिअरचा, धन टोकापासून वीतभराच्या आत. जास्तीचे दोन डब्यात ठेवा, ते रत्नागिरीच्या बाजारात मागाल तेव्हा मिळणार नाहीत. इथे पैसे वाचवणाऱ्याचं काम मी घेत नाही.

तिसरं, केबल. दोन्ही बँकांपासून बसबारपर्यंतच्या (सगळं जिथे जोडतात त्या धातूच्या पट्टीपर्यंतच्या) केबल एकाच रिळातल्या आणि एकाच लांबीच्या. एक बँक बसबारला जवळ आहे म्हणून तिची केबल छोटी कापू नका, जास्तीची वळवून बांधा. नाहीतर जवळची बँक रोज जास्त राबते आणि लवकर म्हातारी होते. बसबारपासून इन्व्हर्टरपर्यंत ७० स्क्वेअर एमएम, कल्हई केलेल्या तांब्याची.

चौथं, जोडण्याआधी दोन्ही बँका पूर्ण भरून एकाच व्होल्टेजला आणा. एक भरलेली आणि एक अर्धी अशा जोडल्या तर पहिली दुसरीत धावत सुटते, आणि मल्टिमीटर दाखवेल तो फरक फक्त दोन-तीन दशांश व्होल्टचा.

चार्जरच्या सेटिंगा: १४.२ व्होल्ट, फ्लोट (भरल्यानंतर धरून ठेवायचं व्होल्टेज) १३.५ च्या वर नको. इक्वलाइझ (शिशासाठीचं जादा चार्जिंग) बंद. तापमानानुसार व्होल्टेज बदलणं बंद, ते शिशासाठी असतं. आणि किती उरलंय हे व्होल्टवरून ओळखू नका. चाळीस टक्क्यांपासून सत्तरपर्यंत हा गडी १३.२ च्या आसपासच उभा असतो. ऋण बाजूला शंट लावा, तो येणारा-जाणारा प्रत्येक अँपिअर मोजतो. आठवड्यातून एकदा बँक पूर्ण भरू द्या, म्हणजे शंटचा हिशोबही जागेवर येतो.

कोपरचाफा
१० मार्च, सकाळी ९.४०

बोटीतलं कळत नाही, पण रसायनशास्त्र शिकवतो म्हणून थोडं अवांतर. लिथियम आयर्न फॉस्फेट हा धनाग्राचा पदार्थ टेक्सास विद्यापीठात गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून आला. १९९७ च्या त्या शोधनिबंधावर पाढी आणि नंजुंदास्वामी ही दोन आपली नावं आहेत. गुडइनफ यांना २०१९ चं नोबेल मिळालं. यात फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा बंध फार घट्ट असल्यामुळे तापलं तरी ऑक्सिजन सहजी सुटत नाही. निकेल-कोबाल्टच्या सेलपेक्षा हे सेल बोटीवर सुरक्षित ठरतात ते यामुळे. पण आतला द्राव ज्वलनशीलच असतो. सेल फार तापला तर झडप उघडून वायू बाहेर येतो, आणि तो पेट घेऊ शकतो. खोका हवाबंद करू नका.

वायव्य
१० मार्च, सकाळी ११.०५

कोपरचाफा सर, पाढी-नंजुंदास्वामी हे माहीत नव्हतं, धन्यवाद.

मतलई, तुमच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा ऑटोपायलटचा आहे, ९६. वाऱ्यावर चालणारं सुकाणू लावलं तर तो शून्य होतो. गोल्डन ग्लोब शर्यतीत विजेच्या ऑटोपायलटला बंदीच असते, आणि २०२२ ला सुरू झालेल्या त्या शर्यतीत आपले अभिलाष टॉमी सगळी पृथ्वी तसल्या सुकाणूवर फिरून दुसरे आले. कोकणात त्याचा उपयोग कमी, कारण दिवसातून दोनदा वारा दिशा बदलतो आणि मधल्या वेळात मरतो. पण अंदमानच्या वाटेवर नक्की होईल. बँक वाढवण्याआधी खर्च कमी करता येतो का, हे पण बघा.

रेवदंड्याची_सई
११ मार्च, रात्री १०.२०

मतलईदादा, बाबांच्या बोटीवर मी लहानपणापासून हाताखाली आहे, लग क्रिंप करणं, म्हणजे दाबून तारेवर पक्का बसवणं, हे माझं काम. दोन गोष्टी सांगते.

लग हातोडीने चेपू नका, हायड्रॉलिक प्रेस भाड्याने आणा. क्रिंप केल्यावर एक लग मधोमध करवतीने कापून बघा. आत तांबं एकजीव, मधमाशांच्या पोळ्यासारखं घट्ट दिसलं पाहिजे. तारा सुट्या दिसल्या तर प्रेसचा साचा चुकला. वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी. गोंद कडेने बाहेर येईपर्यंत गरम करायची, नाहीतर खार आत शिरतो आणि वर्षभरात तांबं हिरवं होतं.

दुसरं म्हणजे पावसाळा. १ जूनच्या आत तुम्ही बोट वर घेऊन शाकारणार, म्हणजे पावसासाठी झावळ्यांनी झाकणार असाल. शिशाची बॅटरी आपण भरून ठेवत होतो, लिथियम तशी ठेवायची नाही. पन्नास-साठ टक्क्यांवर आणून दोन्ही टोकांच्या केबल आणि बीएमएसच्या सेलला जोडलेल्या तारा काढा. बीएमएस स्वतः जागा राहायला थोडा करंट खातो. तीस मिलिअँपिअर म्हटलं तरी नव्वद दिवसांत पासष्ट एएच होतात. आमच्या शेजारच्यांची बॅटरी झावळ्यांखाली तशीच राहिली, नारळी पौर्णिमेला सेल दोन व्होल्टच्या खाली गेलेले निघाले. चारही फुगले होते. खोके सुटे करता येतील असेच बसवा आणि घरी न्या. २८० चा एक सेल साडेपाच किलोच्या आतबाहेर असतो, चारांचा खोका दोघं सहज उचलतात.

मतलई
११ मार्च, रात्री ११.००

सई, शाकारणीचं डोक्यातच नव्हतं. खोक्याला दोराच्या कड्या बसवतो.

ठरलं, दोन बँका. सेल सुटे घेऊन स्वतः बांधतो. तांबेतारभाऊ, तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केला आहे.

मतलई
२ मे, रात्री ९.३०

मंडळी, उशीर झाला, पण आता दाखवण्यासारखं काही आहे म्हणून लिहितोय.

आठही सेल घरी ओटीवर पाटावर मांडले. आधी चार-चारांचे गट बीएमएस लावून भरले, मग सगळे सुटे करून समांतर जोडले आणि बेंच सप्लायवर (व्होल्टेज हवं तसं लावता येणाऱ्या यंत्रावर) ३.६० व्होल्टला ठेवले. जोडण्याआधी सप्लायचा आकडा मल्टिमीटरने तपासा असं तांबेतारभाऊंनी तीनदा बजावलं होतं, आणि खरंच, सप्लायच्या पडद्यावर ३.६० आणि मीटरवर ३.६८ निघाले. मीटरप्रमाणे लावला. पहिल्या दिवशी ९ अँपिअर जात होते, वीज दोनदा गेली, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अर्ध्या अँपिअरवर आले. आठही सेल आता एका पातळीला उभे आहेत. माझ्या जुन्या बॅटरीच्या चौथ्या सेलला ही तीन दिवसांची सोबत मिळाली असती तर फेब्रुवारीतली ती रात्र उगवलीच नसती.

सेलच्या मधे फायबरचे पातळ पत्रे, दोन्ही बाजूंना मरीन प्लाय, चार आटे पाडलेल्या सळ्यांनी बेताने आवळले. सेलवरच्या जोडपट्ट्या वेणीच्या, लवचीक घेतल्या. बोट लाटेवर आपटते तेव्हा ताठ पट्टी टोकाचा आटा सैल करते, असं इथल्याच एका जुन्या धाग्यात वाचलं होतं.

अल्टरनेटर नवा, तो शिशाच्या बॅटरीला. तिथून ३० चा डीसी-टू-डीसी. नाळेचे दिवे आणि व्हीएचएफ यांना एक आलटून-पालटून स्विच: वर लिथियम, खाली शिसं. तो कॉकपिटमधून बसल्या जागी हाताला येतो. उत्तराताई, तुमचा भोंगाही घेतला. सेल ३.५५ ला पोचला की वाजतो, बीएमएस तोडतो त्याच्या बराच आधी.

मागच्या आठवड्यात जयगडहून पूर्णगडला रात्रीची फेरी मारली, मुद्दाम बिघाड करून बघायला. निघताना दोन्ही बँकांचा करंट पाहिला तर एकीतून ११ आणि दुसरीतून ७ अँपिअर. केबल सारख्या असूनही. भावाने एकेका जोडावर हात ठेवून पाहिला, दुसऱ्या बँकेच्या ऋण बाजूचा लग किंचित कोमट लागला. बोल्ट अर्धा फेरा सैल होता. आवळला, दोन्हीकडे ९ झाले. आता महिन्यातून एकदा सगळे जोड हाताने चाचपायचे, असं वहीत लिहून ठेवलं.

रत्नागिरीच्या दीपगृहाचा झोत डावीकडे होता तेव्हा, म्हणजे परतीच्या वाटेवर... चुकलो, परतीला किनारा उजवीकडे येतो, तर झोत उजवीकडे होता तेव्हा पहिल्या बँकेचा स्विच बंद केला. ऑटोपायलट, प्लॉटर, फ्रिज सगळं चालू होतं. दुसरीतून ९ चे १८ झाले, बाकी काही नाही. प्लॉटरचा पडदा हललासुद्धा नाही. मग इन्व्हर्टरवर शेगडी लावून एकाच बँकेवर चहा केला, १५० पर्यंत गेलं, बीएमएस कोमट. मग दुसरीही बंद केली. बोट काळोखात गेली, मी स्विच खाली ओढला, नाळेवर हिरवा-तांबडा उजेड परत आला. भाऊ घड्याळ धरून उभा होता. तीन सेकंद.

पापलेट
३ मे, सकाळी ६.१०

बेस झाला. आता दिसतलात.

उत्तरा
३ मे, सकाळी १०.४५

फार छान काम. एकच सुचवते, दोन्ही बँका सुटल्या तर ऑटोपायलटही शिशावर घेता येईल असा तिसरा मार्ग ठेवा. ४ अँपिअरच आहेत, दोन तास सहज निघतील.

मतलई
३ मे, रात्री ८.२०

ताई, हो, तार ओढायला घेतली आहे.

२० मेच्या सुमाराला बोट वर काढू. त्याआधी ज्यांना प्रत्यक्ष बघायचं आहे त्यांनी येत्या किंवा पुढच्या रविवारी जयगडला या, मी सकाळी सातपासून बोटीवर आहे. होडी पाठवतो. जेटीच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे, ओहोटीला उतरत असाल तर चपला हातात घ्या. सई, तुझा प्रेस घेऊन येशील का? ऑटोपायलटच्या तारेचे चार लग राहिले आहेत.

रेवदंड्याची_सई
३ मे, रात्री ८.४५

येते दादा. पुढच्या रविवारी. १६ चा साचा लागेल की २५ चा, ते कळवा.